सेल्फ घेते पण स्टार्ट होत नाही: स्वस्त ब्लूटूथ स्कॅनरचा डिझेल फोर बाय फोरवर कितपत उपयोग?

ओबीडी सॉकेटात (गाडीच्या संगणकाशी बोलण्यासाठी दिलेल्या सोळा पिनांच्या खाचेत) खोचायचा ब्लूटूथ अडॅप्टर, ज्याला बाजारात सरसकट ‘ईएलएम३२७’ म्हणतात, बहुतेक लोक इंजिनाचा पिवळा दिवा विझवायला घेतात. तेवढ्यासाठी तो पैसे वसूल आहेच. इथे तपासायचं आहे ते दुसरंच. थार सीआरडीई, स्कॉर्पिओ एमहॉक अशी कॉमन रेलवाली (सगळ्या इंजेक्टरना एकाच सामाईक नळीतून मोठ्या दाबाने डिझेल देणारी) फोर बाय फोर उभी आहे, सेल्फ धडधडीत घेते, इंजिन फिरतं, पण पकडत नाही. अशा वेळी पाचशे ते हजार रुपयांचा हा डबा काही सांगतो का? सांगतो, आणि किमतीच्या मानाने बरंच सांगतो. मात्र फॉल्ट कोड वाचून गप्प बसणाऱ्याला नाही. सेल्फ चालू असताना आरपीएम आणि रेल प्रेशर (त्या सामाईक नळीतला डिझेलचा दाब) हे दोन आकडे बघणाऱ्याला.

आधी गाडी कोणती ते बघा. एमएम५४० किंवा मेकॅनिकल पंपाची कुठलीही जुनी जीप असेल तर हा अडॅप्टर विकत घेऊच नका. तिथे ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, नाहीच. कट-ऑफ सोलेनॉइडला (डिझेल बंद-चालू करणाऱ्या विजेच्या व्हॉल्व्हला) स्विच ऑन केल्यावर १२ व्होल्ट येतात का, तो टक् वाजतो का, पंपात हवा धरली आहे का, एवढंच बघायचं असतं आणि त्याला टेस्ट लॅम्प पुरतो. बीएस४ गाड्यांना आपल्याकडे एप्रिल २०१० पासून ओबीडी-१ आणि एप्रिल २०१३ पासून ओबीडी-२ लागू झालं. त्यामुळे २०१३ नंतरची बीएस४ डिझेल गाडी साधारण उत्तर देते. बीएस३ कॉमन रेल गाडीत तोच सोळा पिनांचा सॉकेट असतो, पण पुष्कळदा ती कंपनीच्या स्कॅनरशीच बोलते आणि ॲप नुसतं ‘कनेक्ट होत आहे’ म्हणत फिरत राहतं. तिथे दोष अडॅप्टरचा नाही.

अडॅप्टर घेताना लेबलवर फार विश्वास ठेवू नका. मूळ चिप कॅनडातल्या एल्म इलेक्ट्रॉनिक्सची. त्यांनी १.५ अशी आवृत्ती कधी काढलीच नाही, तरी बाजारात ‘व्ही १.५’ छापलेला माल ढिगाने मिळतो. गंमत अशी की नकली मालातही हाच जरा बरा. ‘व्ही २.१’ लिहिलेल्या स्वस्त नगांत अनेकदा जुने प्रोटोकॉल गाळलेले असतात, आणि के-लाईन या जुन्या जोडणीवर (सात नंबरची पिन) बोलणारी जुनी डिझेल गाडी आली की ते मुके होतात. सहा आणि चौदा नंबरच्या पिनांवरून कॅन या नव्या जोडणीवर बोलणारी नवी गाडी असेल तर दोन्ही चालतात. आयफोनवाल्यांनी साधा ब्लूटूथ नग घेऊ नये, तो फोनला जोडलाच जाणार नाही. ब्लूटूथ ४.० (बीएलई) किंवा वायफायवाला घ्यावा. ॲप म्हणून अँड्रॉइडवर टॉर्क प्रो, आणि दोन्हीकडे चालणारं कार स्कॅनर, दोन्ही ठीक आहेत. या कामाला कार स्कॅनर सोपं पडतं.

अडॅप्टर खोचण्याआधी फुकटात होणाऱ्या तीन गोष्टी उरकून घ्या, त्यात निम्मा निकाल लागतो. स्विच ऑन केल्यावर चेक इंजिनचा दिवा लागतो का? लागलाच नाही तर ईसीयूला करंट पोचत नाही असं धरा: मेन रिले, ईसीयूचा फ्यूज, अर्थ. इमोबिलायझरचा (चावी ओळखणाऱ्या चोरीविरोधी यंत्रणेचा) दिवा लुकलुकतोय का? लुकलुकत असेल तर दुसरी चावी लावून बघा, फिल्टरच्या मागे लागू नका. आणि सेल्फ मारताना एक माणूस सायलेन्सरपाशी उभा करा. पांढरा धूर येतोय म्हणजे डिझेल सिलिंडरात पडतंय पण जळत नाही. धुराचा मागमूस नाही म्हणजे डिझेल पडतच नाही. या दोन वाटा पूर्ण वेगळ्या आहेत आणि स्कॅनर प्रामुख्याने दुसऱ्या वाटेवर कामाचा आहे.

ग्लोप्लगचं (थंड इंजिनाचा सिलिंडर तापवणाऱ्या विजेच्या कांडीचं) इथेच आटपून टाकू. आपल्या हवेत डायरेक्ट इंजेक्शनचं इंजिन एखाद-दुसरा ग्लोप्लग मेला म्हणून अडून बसत नाही. पुण्या-नाशिकच्या थंडीत खोकत, धूर ओकत का होईना, सुरू होतं. जुलै महिन्यात ‘चारही ग्लोप्लग बदला’ असं कोणी सांगत असेल तर आधी आकडे मागा.

आता मुख्य काम. ॲपमध्ये तीनच आकडे पडद्यावर ठेवा: इंजिन आरपीएम, फ्युएल रेल प्रेशर, ईसीयू व्होल्टेज. दहा घड्याळं लावाल तर स्वस्त अडॅप्टर, त्यातून के-लाईनवर, इतका रेंगाळतो की सेल्फ थांबल्यावर आकडा हलतो. स्विच ऑन, इंजिन बंद, अशा स्थितीत आधी रेल प्रेशर बघा. रात्रभर उभ्या गाडीत ते शून्याच्या जवळपास हवं. इंजिन थंड, बंद आणि पडद्यावर मात्र दोन-तीनशे बार दिसतायत? मग सेन्सर किंवा त्याचं वायरिंग खोटं बोलतंय. रेल सेन्सरला ५ व्होल्टचा पुरवठा असतो आणि दाब शून्य असताना त्याच्या सिग्नल वायरवर साधारण अर्धा व्होल्ट मिळतो. हे मल्टिमीटरने ताडून बघता येतं.

मग सेल्फ. एका वेळी जास्तीत जास्त दहा सेकंद, मधे अर्धा-एक मिनिट विश्रांती, नाहीतर सेल्फच्या मोटरचं वेगळं बिल येईल. आरपीएम २०० च्या आसपास हवा. १५० च्या खाली रेंगाळत असेल तर पुढचं काही तपासू नका, बॅटरी आणि तिच्या जाड वायरी बघा. उभ्या बॅटरीला १२.६ व्होल्ट असले तरी सेल्फ चालू असताना ती ९.६ च्या खाली जात असेल तर ती डिझेल इंजिन फिरवण्याच्या लायकीची नाही. कानाला फिरणं ठीक वाटतं, आकडा वेगळं सांगतो. या एका कारणासाठीही अडॅप्टर फिटतो.

इंजिन व्यवस्थित फिरतंय आणि पडद्यावर आरपीएम शून्यच? मग क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे ईसीयूला सांगणारा), त्याचा कनेक्टर किंवा वायर. क्रँकचा सिग्नल नसेल तर ईसीयू इंजेक्टर उघडतच नाही, दाब कितीही असो. चिखल-पाण्यात फिरलेल्या गाडीत कनेक्टरमध्ये हिरवा गंज चढलेला सापडणं नेहमीचं, आणि पावसाळ्यात बॉनेटखाली ऊब शोधत आलेला उंदीर वायर कुरतडून गेलेला असणंही. सेन्सर नवा मागवण्याआधी कनेक्टर काढून नीट बघा.

आरपीएम ठीक आहे, मग रेल प्रेशर. कॉमन रेल इंजिनाला पकडायला साधारण २०० ते २५० बार लागतात. त्याखाली ईसीयू इंजेक्टरला हुकूमच देत नाही. बहुतेक ॲप हा आकडा किलोपास्कलमध्ये दाखवतात, म्हणजे २५० बार म्हणजे २५,००० किलोपास्कल. पीएसआयवर सेटिंग असेल तर सुमारे ३,६००. हा गोंधळ झाला तर चांगला पंप खराब ठरतो, म्हणून एकक आधी बारवर करून घ्या. दोन-तीन सेकंदांत आकडा तीनशेकडे चढला आणि तरी इंजिन पकडत नसेल, तर दाबाची बाजू सुटली. कॅम सेन्सर, इंजेक्टरचं वायरिंग, कॉम्प्रेशन यांच्याकडे वळा. आकडा अगदी दगडासारखा एकाच जागी असेल, सेल्फ मारताना दशांशानेही हलत नसेल, तर तो मोजलेला नाही. सेन्सर तुटल्यावर ईसीयूने धरलेला पर्यायी आकडा आहे.

खरी रंगत ४०, ८०, १२० बारवर अडकणाऱ्या गाडीत आहे, आणि आपल्याकडे सर्वात जास्त भेटते तीच. इथे पंपावर बोट ठेवण्याची घाई महागात पडते. आधी स्वस्त कारणं. टाकीत डिझेल आहे का, हे काट्यावर विसंबून ठरवू नका. फिल्टरच्या तळाचा ड्रेन सैल करून काचेच्या बाटलीत थोडं डिझेल घ्या आणि पाच मिनिटं ठेवा, पाणी असेल तर खाली वेगळं दिसतं. हातपंप दाबून बघा: काही दाबांत कडक व्हायला हवा. मऊच राहत असेल तर कुठून तरी हवा ओढतोय, बहुधा फिल्टरच्या रबरी रिंगमधून किंवा नळीच्या क्लिपपाशी. नुकताच फिल्टर बदलला असेल तर संशय तिथेच. फिल्टरपासून पंपाकडे जाणाऱ्या नळीच्या जागी थोडा वेळ पारदर्शक नळी लावली की बुडबुडे डोळ्यांनी दिसतात. टाकीत इलेक्ट्रिक पंप असलेल्या गाडीत स्विच ऑन केल्यावर त्याची घूं ऐकू येते का, तेही बघा.

हवा नाही, पाणी नाही, फिल्टर चांगला, तरी दाब चढत नाही? मग रिटर्न टेस्ट, आणि ही गोष्ट स्कॅनर कधीच करू शकत नाही. चारही इंजेक्टरच्या रिटर्न नळ्या काढून प्रत्येकाला पारदर्शक नळी आणि एकसारखी छोटी बाटली लावायची आणि दहा सेकंद सेल्फ मारायचा. चांगला इंजेक्टर एवढ्यात जेमतेम थेंब देतो. एकाची बाटली भराभर भरत असेल तर पंप जो दाब करतोय तो तिथून टाकीत परत चाललाय. चारही कोरडे आणि दाब तरी कमी, तेव्हा कुठे प्रेशर व्हॉल्व्ह आणि हाय प्रेशर पंपाचा नंबर लागतो. याच क्रमाने गेलं तर पंप कॅलिब्रेशनचा खर्च बऱ्याचदा वाचतो.

एक गोष्ट कडकपणे: रेलपासून इंजेक्टरला जाणाऱ्या लोखंडी नळीचा नट सैल करून ‘डिझेल येतंय का’ बघू नका. जुन्या मेकॅनिकल इंजिनात चालणारी ही रीत इथे हात घालवू शकते. या दाबाचं डिझेल कातडीतून आत शिरतं. एअर क्लीनरमध्ये स्टार्टिंग स्प्रे मारण्याचंही तसंच. तापलेल्या ग्लोप्लगवर तो भडकतो.

कोडचं काय, असं विचाराल. कामाचे आहेत, पण दुय्यम. पी०३३५ क्रँक सेन्सर, पी०३४० कॅम सेन्सर, पी००८७ रेलमध्ये दाब कमी, पी०१९० ते पी०१९३ रेल सेन्सर, पी०२०१ ते पी०२०४ इंजेक्टरचं सर्किट. पी००८७ आलं म्हणजे पंप गेला असं नाही, चोंदलेला फिल्टरही हाच कोड देतो. आणि पाच-सहा सेन्सरचे कोड एकदम आले तर सगळे सेन्सर एका रात्रीत मेले असं मानू नका. ५ व्होल्टची सामाईक लाईन कुठेतरी अर्थ झालेली असते. एकेक सेन्सर काढत जा, ज्याच्या काढण्याने बाकीचे शुद्धीवर येतात तो चोर. कोड पुसण्याआधी कागदावर लिहून घ्या. आणि ‘नो फॉल्ट’ आलं म्हणून निश्चिंत होऊ नका. हवा ओढणाऱ्या नळीला सेन्सर नसतो.

उणिवा दोन मोठ्या. पहिली, सेल्फ मारताना व्होल्टेज पडलं की स्वस्त अडॅप्टर बेशुद्ध पडतो, कनेक्शन तुटतं आणि नेमक्या हव्या त्या दहा सेकंदांत पडदा रिकामा राहतो. शेजारच्या गाडीतून जंप लावून पुन्हा करा. दुसरी, काही डिझेल गाड्या साध्या ओबीडीवर रेल प्रेशर देतच नाहीत. ॲपमध्ये सपोर्टेड सेन्सरची यादी बघा. तिथे तो नसेल तर अडॅप्टरचा अर्धा जीव गेला. मग इमोबिलायझर, इंजेक्टर कोडिंग, पंपाची टेस्ट यांसारखंच हेही गॅरेजमधल्या हजारो रुपयांच्या स्कॅनरचं काम.

बीएस४ किंवा बीएस६ कॉमन रेल गाडी घेऊन सह्याद्रीत आडवाटा धुंडाळत असाल तर हजाराच्या आतला एक नग, एक साधा मल्टिमीटर आणि मीटरभर पारदर्शक नळी गाडीत ठेवावी. दुकानात पैसे देण्याआधी चालू इंजिनावर आरपीएम दिसतो का हे तपासा आणि वस्तू परत घेण्याचं कबूल करून घ्या, कारण एकाच खोक्यातले दोन नग सारखे निघतीलच असं नाही. काम झालं की काढून ठेवा. सोळा नंबरची पिन स्विच बंद असतानाही जिवंत असते, आणि आठवडाभर उभ्या गाडीत खोचलेला राहिला तर मुळातच दमलेली बॅटरी हाच संपवेल.