फायफॉक्स: गाडीची थरथर मोजायला फोनमधलं फुकट ॲप पुरतं का?

गाडी ऐंशी-नव्वदच्या पुढे गेली की थरथरते, अशी तक्रार गॅरेजमध्ये नेली की बहुतेक वेळा चारही चाकांचं बॅलन्सिंग (चाकाचं वजन सगळीकडून सारखं करणं) होतं आणि जाता जाता अलाइनमेंटही (चाकांचे कोन जुळवणं) उरकलं जातं. अलाइनमेंट बिघडलं तर गाडी एका बाजूला ओढते, टायर वेडेवाकडे झिजतात. थरथर त्याने सहसा येत नाही. नटाला पाना लावण्याआधी एकच गोष्ट कळायला हवी: थरथर सेकंदाला किती वेळा होते? जर्मनीतल्या आखेनच्या आरडब्ल्यूटीएच विद्यापीठाचं 'फायफॉक्स' हे ॲप ते सांगू शकतं. ॲप भौतिकशास्त्राच्या प्रयोगांसाठी बनलेलं आहे, गाडीसाठी नाही. अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर फुकट मिळतं.

ॲपमधला आपल्या कामाचा प्रयोग 'ॲक्सेलरेशन स्पेक्ट्रम'. आलेखात जिथे शिखर येतं तो आकडा हर्ट्झमध्ये, म्हणजे सेकंदाला किती कंपनं. त्याचा अर्थ लावणं मात्र आपल्याकडे. १८५/६५ आर १५ मापाचा टायर एका फेऱ्यात साधारण १.९ मीटर जातो. ताशी ९० किमी म्हणजे सेकंदाला २५ मीटर. २५ भागिले १.९, म्हणजे १३.२ हर्ट्झ. शिखर तिथेच असेल तर दोष चाकाबरोबर फिरणाऱ्या कशात तरी आहे: बॅलन्स, टायर, रिम किंवा हब (चाक ज्यावर बसतं तो भाग). वेग स्पीडोमीटरचा धरू नका, जीपीएसचा धरा. स्पीडोमीटर मुद्दाम थोडा जास्त दाखवतात आणि तेवढ्याने गणित चुकतं.

याच वेगाला ३९-४० हर्ट्झवर, म्हणजे चाकाच्या तिप्पट शिखर येत असेल, ॲक्सिलरेटर दाबल्यावर वाढत असेल आणि सोडल्यावर विरत असेल, तर पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत ड्राइव्ह शाफ्टच्या आतल्या बाजूचा सांधा बघावा. त्यात तीन रोलर असतात, म्हणून तिप्पट. अशा गाडीचं बॅलन्सिंग चारदा केलं तरी फरक पडणार नाही. फक्त ब्रेक दाबल्यावर थरथर होत असेल तर ॲप उघडूच नका, थेट डिस्कची जाडी जागोजागी मोजून घ्या.

इंजिन वेगळं काढायची सोपी युक्ती: वेग तोच ठेवून एक गिअर खाली घ्या. शिखर जागचं हललं नाही तर चाक, सरकलं तर इंजिन किंवा त्याचं माउंटिंग.

ॲपपेक्षा फोनच जास्त फसवतो, आणि हे फारसं कुणी सांगत नाही. आयफोनमधला कंपन टिपणारा सेन्सर सेकंदाला साधारण १०० नोंदी देतो. अँड्रॉइडमध्ये फोनगणिक फरक, काहींवर ४०० च्या आसपास. १०० नोंदींवर ५० हर्ट्झपर्यंतचंच खरं दिसतं. त्यावरचं कंपन नाहीसं होत नाही, ते खोट्या जागी उमटू शकतं. तीन सिलिंडरचं इंजिन ३००० आरपीएमला ७५ हर्ट्झचे ठोके देतं. १०० नोंदींच्या फोनवर ते २५ हर्ट्झला दिसेल, आणि ताशी ९० ला चाकाची दुप्पट येते २६.३. म्हणजे इंजिनाचा दोष चाकाच्या माथी! आपला फोन किती नोंदी देतो हे बघायला साध्या 'ॲक्सेलरेशन' प्रयोगाचा डेटा बाहेर काढा. दोन ओळींत ०.०१ सेकंदाचं अंतर असेल तर १००.

डॅशबोर्डवरच्या होल्डरमध्ये फोन लावून मोजणं निरर्थक आहे, कारण होल्डर स्वतःच झुलतो. कव्हर काढून फोन सीटच्या रुळावर दुहेरी चिकटपट्टीने घट्ट बसवा. टायरमधली हवा गार असताना कंपनीच्या स्टिकरप्रमाणे भरा, रिमच्या आत चिकटलेला चिखल खरवडून काढा, आणि नोंदीआधी पंधरा-वीस मिनिटं गाडी चालवा. रात्रभर उभ्या गाडीचे टायर खालून किंचित चपटे होतात. सपाट रस्त्यावर वेग न बदलता किमान १० सेकंदांची नोंद हवी, तेव्हा कुठे ०.१ हर्ट्झचा बारकावा मिळतो. ॲप शेजारी बसलेल्याने चालवावं. एकटे असाल तर 'टाइम्ड रन' आधी लावून ठेवा. नोंद ठरलेल्या वेळी आपोआप सुरू होते आणि थांबते.

ॲपची खरी मर्यादा पुढे येते. १३.२ ला शिखर मिळालं तरी बॅलन्स गेलाय, टायर गोल राहिला नाही की रिम वाकली, हे त्यातून कळत नाही; तिघांची खूण एकच. कोणतं चाक तेही कळत नाही. स्टिअरिंग थरथरलं तर पुढची चाकं, सीट थरथरली तर मागची, हा जुना ठोकताळा सुरुवातीला चालतो. मग पुढची-मागची चाकं अदलाबदल करून पुन्हा नोंद घ्यावी. थरथर स्टिअरिंगमधून सीटमध्ये गेली तर दोष चाकातच. जिथे होती तिथेच राहिली तर हब, बेअरिंग तपासा. बॅलन्सिंग यंत्रावर शून्य आलेलं चाकही थरथरू शकतं, कारण साधं यंत्र चाक हवेत फिरवतं आणि टायरच्या भिंतीचा एखादा कडक भाग भाराखालीच जाणवतो. रोलर दाबून मोजणारं यंत्र असलेलं गॅरेज त्यासाठीच शोधावं लागतं.

शिखराच्या उंचीची तुलना करायची असेल तर फोन, त्याची जागा, रस्ता, वेग आणि गाडीतली माणसं तीच ठेवा. यातलं काहीही बदललं की उंचीचा आकडा सोडून द्यायचा, फक्त शिखराची जागा बघायची.