सुपरमॅनच्या जुन्या गोष्टींचा जाडजूड खंड: काही महिने वाचल्यावर

१९३८ ते १९४० या काळातल्या सुपरमॅनच्या कथा छापल्या त्याच क्रमाने देणारा हा खंड गेले काही महिने रात्री थोडा थोडा वाचतोय. क्रिप्टन हा त्याचा जन्मग्रह, त्याची ताकद हिरावणारा हिरवा दगड (क्रिप्टोनाइट), बर्फातला किल्ला यांच्या ओढीने कुणी घेणार असेल तर आधीच सांगतो, त्यातलं जवळपास काही इथे नाही. त्याचा एरवी टकला असलेला शत्रू लूथर आहे, पण त्याच्या डोक्यावर चक्क लाल केस आहेत. तरीही माझे पैसे वसूल झाले.

परग्रहाचा मामला 'ॲक्शन कॉमिक्स' या मासिकाच्या पहिल्या अंकात, जून १९३८ मध्ये, एका पानात उरकलाय. दूरचा एक ग्रह म्हातारा होऊन नष्ट होतो, कुणी शास्त्रज्ञ घाईघाईत बनवलेल्या यानात तान्हं पोर घालून पाठवून देतो आणि रस्त्याने जाणारा मोटारवाला ते अनाथाश्रमात सोपवतो. ना ग्रहाला नाव, ना आईबापांना. त्याला वाढवणाऱ्या केंट दांपत्याचाही पत्ता नाही. त्याच पानावर ताकदीचं 'शास्त्रीय' स्पष्टीकरण दिलंय: मुंगी स्वतःच्या शेकडो पट वजन पेलते, नाकतोडा केवढी तरी उडी मारतो, मग याचं काय घेऊन बसलात! पिवळ्या सूर्यामुळे शक्ती मिळते ही भानगड थेट १९६० मधली. इथला गडी उडतही नाही, उड्या मारतो. एका उडीत मैलाचा आठवा भाग, म्हणजे साधारण दोनशे मीटर.

मग एवढी पानं भरलीत कशाने? रागाने. सुपरमॅनचे जन्मदाते जेरी सीगल आणि जो शुस्टर ही अमेरिकेतल्या क्लीव्हलँडच्या ग्लेनव्हिल हायस्कूलमधली, ज्यू स्थलांतरितांच्या घरची दोन पोरं. भोवती महामंदी. त्यांचा नायक बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला भिंतीवर आपटतो. तिसऱ्या अंकात तो एका खाणमालकाला आणि त्याच्या नटूनथटून आलेल्या पाहुण्यांना त्याच्याच खाणीत कोंडतो. धोक्याची घंटा वाजवायला जावं तर ती गंजलेली, मग शेटजींनाच कुदळ हातात घ्यावी लागते.

मला सगळ्यात आवडली ती आठव्या अंकातली गोष्ट. झोपडपट्टीतली पोरं गुन्हेगारीकडे वळतात ती तिथल्या जगण्यामुळे, हे क्लार्कच्या (म्हणजे साध्या माणसाच्या वेशातल्या सुपरमॅनच्या) ध्यानात येतं. वादळाने उद्ध्वस्त झालेल्या जागी सरकारने नवी घरं बांधली, अशी बातमी तो वाचतो. झालं! लोकांना सामानसुमान घेऊन बाहेर पडायला सांगतो आणि आख्खी वस्ती हाताने पाडायला घेतो. त्याला आवरायला सैन्याची विमानं येतात, तो त्यांना हवं तिकडे खेळवतो आणि उरलेलं काम त्यांच्याच बॉम्बकडून करून घेतो. शेवटी सरकारला नव्या इमारती उभाराव्या लागतात. आज कुठला प्रकाशक आपल्या लाडक्या नायकाला सरकारी विमानांशी असं भिडू देईल?

परग्रहावरचा माणूस म्हणून त्याची ओळख नंतर, तुकड्यातुकड्याने जमत गेली. जानेवारी १९३९ मध्ये वर्तमानपत्रांतली पट्टी (काही चौकटींची चित्रकथा) सुरू झाली, तिथे क्रिप्टन आणि बापाचं जोर-एल ही नावं आली. त्याच वर्षी 'सुपरमॅन' या त्याच्या स्वतंत्र नियतकालिकाच्या पहिल्या अंकात केंट दांपत्य आलं. १९४० मधल्या रेडिओ मालिकेने क्लार्कच्या वर्तमानपत्राचा संपादक पेरी व्हाइट दिला, १९४३ मध्ये क्रिप्टोनाइटही तिनेच दिला. आणि कॉमिकमधल्या सुपरमॅनला आपण मुळात कुठले, हे कळतं १९४९ मध्ये! तोवर अकरा वर्षं हा माणूस आपलं गाव ठाऊक नसताना दुनिया वाचवत होता. म्हणूनच त्या वर्तमानपत्री पट्ट्या या खंडात नाहीत ही मोठी उणीव वाटते. जन्मकथेचा अर्धा भाग तिकडेच राहिलाय.

१९३२ मध्ये सीगलच्या वडिलांच्या दुकानात चोर शिरले आणि त्या धक्क्यात ते गेले. गोळी न लागणारा नायक त्यातून जन्मला, असं बरेच जण म्हणतात. मला हे जरा सोयीस्कर वाटतं. ही पोरं विज्ञानकथांची वेडी होतीच, आणि त्यांचा १९३३ मधला पहिला 'सुपरमॅन' तर टकला खलनायक होता.

आता वस्तू म्हणून. खंड बेदम जड आहे, आडवं पडून वाचता येत नाही. मांडीवर उशी आणि तिच्यावर पुस्तक, हाच उपाय. मधल्या पानांवर शिवणीकडच्या फुग्यांतली अक्षरं आत गडप होतात. जोर लावून उघडलं की कणा कुरकुरतो. रंग नव्याने भरलेत आणि गुळगुळीत कागदावर ते भडक दिसतात, जुन्या स्वस्त कागदाचा मळकटपणा गेला. कुरिअरने आलेल्या खोक्यात एक कोपरा चेपलेला निघाला, बदलून मिळाला नाही.

पण एक गंमत याच खंडात बघायला मिळते. पहिली कथा मुळात पट्ट्यांसाठी काढलेली. त्या कापून, चिकटवून तिची तेरा पानं बनवली. त्यामुळे सुरुवातीलाच सुपरमॅन एका बांधलेल्या बाईला काखोटीला मारून गव्हर्नरच्या बंगल्याकडे धावतोय, का ते काही कळत नाही. गाळलेली पानं 'सुपरमॅन'च्या पहिल्या अंकात परत घातली. दोन्ही रूपं इथे आहेत. शेजारी शेजारी ठेवून बघितली की कात्री कुठे चालली ते दिसतं.

प्रत्येक कथेवर सीगल आणि शुस्टर ही नावं आहेत. सुपरमॅनचे सगळे हक्क प्रकाशकाकडे १३० डॉलरला गेले होते. १९४७ मध्ये दोघं कोर्टात गेले, त्यानंतर नावंही काढून टाकली गेली. ती परत आली १९७५ मध्ये, वर्षाला वीस हजार डॉलरच्या पेन्शनसोबत, आणि तीही इतर चित्रकारांनी बोंबाबोंब केल्यावर.

दहा-बारा वर्षांच्या मुलांसाठी घेऊ नका, अर्ध्यावर सोडतील. चित्रकथांचा नाद असलेल्यांनी जरूर घ्यावा, फक्त एका बैठकीत चार-पाच कथांपलीकडे जाऊ नका. साच्यातले गुंड आणि क्लार्कची सहकारी बातमीदार लोइस हिचं तेच ते अपहरण यांचा कंटाळा येतो. हातात धरून वाचायचं असेल तर याच कथांचे पातळ, मऊ मुखपृष्ठाचे भाग मिळतात, ते बघा.