पंच ब्रदर्स: पावसाळ्यापासून ऐकतेय, आता सविस्तर लिहिते

सीडीचं भांडण गेल्या आठवड्यात मिटलं, म्हणून आता लिहायला हरकत नाही. पंच ब्रदर्स या पाच जणांच्या अमेरिकन बँडचा 'द फॉस्फरेसंट ब्लूज' (२०१५) हा अल्बम मी परदेशातून मागवला होता. एलपीचा भाव बघून तो विचार सोडला आणि सीडी घेतली, तरी पाठवणावळ धरून दोन हजारांच्या वर गेली. डबी फुटकी आली. ते मी चालवून घेतलं असतं, पण पहिलंच गाणं, 'फॅमिलिॲरिटी', मध्येच अडखळत होतं. विक्रेत्याला कळवलं तर त्याचं उत्तर आलं की चकती ठीक आहे, या बँडचं संगीतच तसं तुटक आहे. हे उत्तर मला फार लागलं. दोन हजार गेले त्याहून जास्त लागलं. या पाच जणांचा ठेका किती पक्का आहे हे ज्याने एकदा नीट ऐकलंय तो असं बोलणार नाही. मग मी तेच गाणं स्ट्रीमिंगवर आणि सीडीवर शेजारी शेजारी लावलं, कुठल्या सेकंदाला मात्रा गळते ते लिहून काढलं आणि तो तक्ता पाठवून दिला. बऱ्याच मेलांनंतर सीडीचे पैसे परत मिळाले. पाठवणावळ मिळाली नाही. माल खराब निघाला तर ती ग्राहकाने का सोसायची, हे मला अजून कोणी पटवून दिलेलं नाही.

त्या तपासणीमुळे ते दहा मिनिटांहून मोठं गाणं मी इतक्यांदा ऐकलं की बँडबद्दलचं माझं मत बदललं. ते पुढे येईलच.

मी या बँडपर्यंत पोचले ती झाकीरभाईंमुळे. बेला फ्लेक, एडगर मेयर आणि राकेश चौरसियांबरोबरचा त्यांचा 'ॲज वी स्पीक' (२०२३) इथे बहुतेकांनी ऐकला असेल. २०२४ साली त्या कामाला दोन ग्रॅमी मिळाली आणि त्याच वर्षी १५ डिसेंबरला झाकीरभाई गेले. त्यानंतर मी त्यांच्याबरोबर वाजवणाऱ्या एकेकाचं काम शोधत गेले. बेला फ्लेकचा बँजो मागे 'न्यू ग्रास रिव्हायव्हल'पर्यंत नेतो, म्हणजे १९७१ साली सॅम बुश आणि मंडळींनी ब्लूग्रासमध्ये, अमेरिकेतल्या तारवाद्यांच्या लोकसंगीतात, रॉक मिसळायला सुरुवात केली तिथपर्यंत. एडगर मेयरचा बेस पुढे नेतो मँडोलिनवादक ख्रिस थिलीकडे. दोघांचे मँडोलिन आणि बेस एवढ्यावरच उभे असलेले दोन अल्बम आहेत. आणि थिलीचा बँड म्हणजे पंच ब्रदर्स. त्यातला बेसवादक पॉल कोवर्ट हा मेयरचाच शिष्य.

आता माझी मुख्य तक्रार. बँडमध्ये ड्रम नाहीत. ब्लूग्रासमध्ये ते नसतातच, हे ठाऊक असूनही तबला शिकलेल्या माणसाला सुरुवातीचे दोन-तीन महिने हे फार जड जातं. पायाखाली जमीन नाही असं वाटत राहतं. मँडोलिन, बँजो, फिडल (म्हणजे व्हायोलिनच), गिटार, डबल बेस. पाचही तारांची वाद्यं आणि पाचही बोलकी. सम कुठे धरायची? लोकल ट्रेनमध्ये साध्या वायरच्या इअरफोनवर ऐकताना तर बेस ऐकूच यायचा नाही, आणि बेस गेला की उरतो तो नुसता तारांचा कल्लोळ. मी वैतागून महिनाभर ऐकणं सोडलं होतं.

उत्तर सापडलं ते 'चॉप'मध्ये. मँडोलिन म्हटलं की आपल्याला सज्जाद हुसेन किंवा यू. श्रीनिवास आठवतात. दोघांचाही जीव सुरात. हे वाद्य ठेका देऊ शकतं, असा विचार आपल्याकडे सहसा होत नाही. ब्लूग्रासमध्ये मात्र तेच त्याचं पहिलं काम. डाव्या हाताने कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, धरायची, उजव्या हाताने फटका मारायचा आणि त्याच क्षणी डाव्या हाताची बोटं सैल करायची. तारा दबतात, सूर मरतो, उरतो फक्त 'चक्'. बेस पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर, चॉप दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर, आणि मधल्या सगळ्या जागा बँजोच्या तीन बोटांनी भरलेल्या. ब्लूग्रासचा जनक बिल मन्रोच्या बँडमध्ये १९४५ साली बँजोवादक अर्ल स्क्रग्ज आला तेव्हापासून ही घडी बसलेली आहे. मी आठवडाभर बाकी सगळं सोडून फक्त चॉप ऐकत बसले. तुम्हीही करून बघा. एकदा तो कानात बसला की मग सुटत नाही.

पण थिली या बँडचा मुख्य गायक आहे आणि मुख्य एकलवादकही. तो सुरात शिरला की चॉप थांबतो. मग ठेका कोण सांभाळतं? माझं सगळं लक्ष आता तिथेच असतं. कधी ख्रिस एल्ड्रिजची गिटार पुढे येते, कधी फिडलवाला गजाने तारांवर तसाच कोरडा आघात करतो. ही फिडलची युक्ती १९६० च्या दशकात मन्रोच्याच बँडमधल्या रिचर्ड ग्रीनने काढली. कधी नोआम पिकेल्नीच्या बँजोवर सगळी मदार असते. ठेका एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जातो आणि लय तसूभर हलत नाही. 'फॅमिलिॲरिटी'मध्ये मी सेकंद मोजत बसले होते तेव्हा हे पहिल्यांदा उलगडलं. गाणं मध्ये धावतं, पुढे अगदी मंदावतं, आवाज जवळजवळ पुसून जातो, तरी पाच जणांच्या आतली मात्रा चालूच असते. ज्या गोष्टीला मी उणीव म्हणत होते तीच या बँडची खरी कमाई आहे, हे माझं आजचं मत.

आणि म्हणूनच 'फॉस्फरेसंट ब्लूज'वर माझा राग आहे. निर्माता टी बोन बर्नेटने काही गाण्यांत जे बेलरोझ या वादकाला ड्रमवर बसवलंय. बेलरोझ उत्तम वादक आहे, प्रश्न त्याचा नाही. पण ड्रम आले की मँडोलिनचं अर्धं काम संपतं, चॉप मागे सरतो आणि तो हातोहात जाणारा ठेका दिसेनासा होतो. अनेक जण याच अल्बमला बँडचा सर्वोत्तम अल्बम म्हणतात. मला ते मान्य नाही. 'ऑल अशोर' (२०१८) ऐका. त्याची निर्मिती पाच जणांनी स्वतःच केली, आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये त्याला सर्वोत्तम फोक अल्बमचं ग्रॅमी मिळालं. या दोघांतला एकच घ्यायचा असेल तर मी डोळे मिटून 'ऑल अशोर' घ्या म्हणेन.

नावलौकिकाबद्दल थोडं. हा बँड एखाद्या गाजलेल्या गाण्यावर मोठा झालेला नाही. मार्च २००७ मध्ये, म्हणजे पहिला अल्बम यायच्या आधीच, त्यांनी न्यूयॉर्कमधल्या कार्नेगी हॉलच्या झँकेल सभागृहात चार भागांची, चाळीसेक मिनिटांची रचना वाजवली. थिलीने ती स्वतःचं लग्न मोडल्यावर लिहिली होती. ब्लूग्रासची वाद्यं आणि बांधणी पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताची. पहिल्याच पावलाला एवढी जोखीम घेणारे लोक मला आवडतात, जरी ती रचना मला अजूनही सलग ऐकवत नाही. त्यात शब्द फार आहेत, आणि थिलीचा आवाज वरच्या पट्टीत जातो तेव्हा भावनेपेक्षा कसरत जास्त ऐकू येते. पुढे २०१० साली पिकेल्नीला विनोदी नट आणि बँजोवादक स्टीव्ह मार्टिनने सुरू केलेला बँजोचा पुरस्कार मिळाला, पहिलाच. २०१२ साली थिलीला अमेरिकेतली मानाची मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. त्याच वर्षीच्या अल्बमवर त्यांनी रेडिओहेड या रॉक बँडचं एक इलेक्ट्रॉनिक गाणं या लाकडी वाद्यांवर वाजवलं, आणि तेही कुठे दाखवेगिरी न होता.

'हे ब्लूग्रास आहे का?' हा वाद मला निरर्थक वाटतो. बिल मन्रोने तरी शुद्ध काय घेतलं होतं? स्कॉटलंड-आयर्लंडकडून आलेल्या फिडलच्या धुना, चर्चमधलं समूहगान, आणि आर्नोल्ड शुल्ट्झ या कृष्णवर्णीय गिटारवादकाकडून घेतलेले ब्लूज. मिसळण मुळातच आहे.

शंका असेल त्यांनी 'हेल ऑन चर्च स्ट्रीट' (२०२२) ऐकावा. गिटारवादक आणि गायक टोनी राइसचा १९८३ सालचा एक अख्खा अल्बम या पाच जणांनी पुन्हा रचून वाजवला. मूळ अल्बम जवळजवळ एकट्या गिटारचा. एल्ड्रिज राइसकडे शिकलेला. राइसचा गळा १९९० च्या दशकातच गेला होता आणि त्याने गाणं सोडलं होतं. नोव्हेंबर २०२० मध्ये नॅशव्हिलला हे ध्वनिमुद्रण झालं, राइसला भेट म्हणून देण्यासाठी. डिसेंबरात, नाताळच्या दिवशी, तो गेला. हे वाचल्यानंतर तो अल्बम मी दोन दिवस लावू शकले नाही. गुरूची चीज शिष्याने कशी मांडावी, यावर आपल्याकडे खूप बोललं जातं. इथे ते करून दाखवलंय: एकाही जागी राइसची नक्कल नाही आणि एकही गाणं त्याच्यापासून तोडलेलं नाही.

वापराच्या दृष्टीने सांगायचं तर हा बँड प्रवासात ऐकू नका. यांचं हळू खरोखरच हळू असतं. आवाज वाढवावा तर पुढच्याच ओळीला कान दुखतात. महागडे हेडफोन लागत नाहीत. घरी रात्री जुन्या स्पीकरवर मला बेसची प्रत्येक मात्रा मिळते, आणि मी त्यावर एक रुपयाही खर्च केलेला नाही. स्ट्रीमिंगवर सगळं आहे, तिथेच आधी ऐका.

२०२३ पासून फिडलवर गेब विचरच्या जागी ब्रिटनी हास आहे. 'हॉकटेल' या चौकडीत ती आणि कोवर्ट आधीपासून एकत्र वाजवतात, त्यामुळे बेस आणि फिडल एकमेकांना ओळखूनच आहेत. तिचा गज जास्त खरखरीत, जास्त जमिनीवरचा आहे. थिली एकल वाजवत असताना ठेका तिच्याकडे गेला तर काय होतं, हे मला नीट ध्वनिमुद्रित झालेलं ऐकायचंय. या नव्या जोडणीचा स्टुडिओ अल्बम आला की घेणार आहे. सीडीच, आणि यावेळी पाठवणावळीचा नियम आधी लेखी मागून.