नोबेलचं घर, बोफोर्सचं गाव (कार्लस्कुगा, स्वीडन)

स्टॉकहोमचं नोबेल म्युझियम सगळेच करतात, कार्लस्कुगाला फारसं कोणी जात नाही आणि माझ्या मते बघण्यासारखं तिकडेच जास्त आहे. ओरेब्रोहून तासाभरात पोचता. ब्योर्कबोर्न नावाचा पांढरा वाडा, आल्फ्रेड नोबेलचं स्वीडनमधलं शेवटचं घर. १८९४ ला त्याने बोफोर्स कंपनी घेतली म्हणून हे घर, म्हणजे शांततेचं पारितोषिक ज्याच्या नावाने देतात तो इथे तोफांच्या कारखान्याचा मालक म्हणून राहायचा!

लॅब छान आहे पण तबेल्याची गोष्ट भारी. नोबेल वारला इटलीत, मृत्युपत्र केलेलं पॅरिसला, मग कोर्ट कुठलं? तर म्हणे त्याचे रशियन घोडे इथे होते म्हणून घर इथलंच धरलं आणि प्रकरण कार्लस्कुगाच्या कोर्टात आलं. त्या घोड्यांनाही एखादं नोबेल द्यायला हरकत नव्हती.

आता मी नाशिकचा, देवळालीच्या तोफखाना रेंजवरचे धडाके ऐकत वाढलेला, त्यामुळे इथे 'बोफोर्स' वाचलं की डोक्यात १९८६ च येतं. स्वीडनचे तेव्हाचे पंतप्रधान ओलोफ पाल्मे जानेवारी १९८५ ला दिल्लीत सहा देशांच्या अण्वस्त्रविरोधी परिषदेला बसले होते आणि हेच पाल्मे राजीव गांधींकडे बोफोर्ससाठी शब्द टाकत होते. फेब्रुवारी ८६ मध्ये त्यांचा खून झाला, २४ मार्चला ४१० तोफांचा करार. दलालीचं पुढचं रामायण आपल्याला पाठच आहे. त्याहून कमाल म्हणजे इराण-इराक युद्धात युनोतर्फे मध्यस्थी करणारेही पाल्मेच, आणि त्याच काळात बोफोर्सची क्षेपणास्त्रं सिंगापूरमार्गे गुपचूप दुबई-बहारीनला गेलेली, जे कंपनीतल्याच इंगवार ब्रात नावाच्या इंजिनिअरने बाहेर काढलं.

कारगिलला याच तोफांनी तारलं, मान्य, एकशे एक टक्के मान्य. तोफा विकल्या त्याचा राग नाहीच, एका हाताने बिल फाडायचं आणि दुसऱ्या हाताने जगाला शांततेचे डोस पाजायचे हे डोक्यात जातं.

कारखाने अजून चालू आहेत, साब आणि बीएई या दोन शस्त्रास्त्र कंपन्यांच्या नावाखाली, आत अर्थात सोडत नाहीत. उन्हाळ्यात जा, वेळा आधी बघून घ्या आणि गाईड घ्याच, नुसतं फिरून काही कळणार नाही. वाड्याला साडेचार स्टार, स्वीडनच्या शांतताप्रेमाला दोन, तेही ब्रातमुळे.