उसगाळीमळ की तांबडी सुर्ला?

गोव्यातली ही दोन ठिकाणं: एकीकडे कातळावरची कोरीव चित्रं, दुसरीकडे जुनं मंदिर. दोन्हीकडे सकाळीच पोचायला हवं, म्हणून एका दिवसात एकच निवडा.

सांगे तालुक्यात कुशावतीच्या काठी उसगाळीमळला जांभ्याच्या सपाट कातळावर बैल, हरणं, माणसं आणि चक्रव्यूह कोरलाय. रेषा उथळ आहेत. ऊन तिरपं असेल तरच कडेला सावली धरते आणि बैलाचं वशिंड उठून दिसतं. दुपारी बाराला गेलात तर नुसता तांबूस दगड दिसेल, आणि "काहीच नाही इथे" म्हणत परत याल. पावसाळ्यात नदीचं पाणी कातळावर येतं, तेव्हा जाऊच नका. चपला काढून चाला. फोटोसाठी खडूने रेषा तर मुळीच गिरवू नका, जांभा ठिसूळ असतो.

पणजीपासून सुमारे ६५ किलोमीटरवरचं तांबडी सुर्लाचं महादेव मंदिर कदंब राजांच्या काळातलं, साधारण १२व्या-१३व्या शतकातलं. ते समजायला सोपं. पूर्वाभिमुख असल्याने सकाळचा उजेड आत शिरतो. मंडपातला शिर नसलेला नंदी पाहा, मग मान वर करून छतातलं कमळ. मंदिराचा काळा बेसाल्ट दगड इथला नव्हे, घाटावरून आणलेला.

म्हातारी माणसं, मुलं सोबत असतील तर सुर्लाच बरं. निवांत वेळ असेल तर मात्र उसगाळीमळ.