डेलावेअरच्या दोन काठांवरचे दोन खासदार: मत देण्याआधी काय पाहाल

न्यू जर्सीतलं लॅम्बर्टव्हिल आणि पेनसिल्व्हेनियातलं न्यू होप यांच्यामध्ये डेलावेअर नदी आहे आणि तिच्यावर एक पूल. पूल ओलांडला की खासदार बदलतो. इकडे न्यू जर्सीचा सातवा मतदारसंघ, टॉम कीन ज्युनियर यांचा. तिकडे पेनसिल्व्हेनियाचा पहिला, ब्रायन फिट्झपॅट्रिक यांचा. दोघेही रिपब्लिकन आणि दोघांच्याही जागा अटीतटीच्या. 2024 मध्ये कीन यांच्या मतदारसंघात ट्रम्प निसटते पुढे राहिले, तर फिट्झपॅट्रिक यांच्याकडे हॅरिस त्याहूनही निसटत्या. 3 नोव्हेंबर 2026 ला दोन्ही जागांसाठी मतदान आहे.

ब्रिजवॉटरला बालाजी मंदिराजवळ राहणाऱ्या मराठी कुटुंबांसमोर कीन यांचा प्रश्न आहे, बक्स काउंटीतल्यांसमोर फिट्झपॅट्रिक यांचा. मत आपल्याच मतदारसंघात द्यायचं, हे खरं. पण आपल्या खासदाराने काय केलं हे कळायला पलीकडच्याने काय केलं हे पाहण्यासारखा दुसरा उपाय नाही.

घराण्याचा मुद्दा लवकर संपतो. कीन यांचे वडील न्यू जर्सीचे गव्हर्नर होते. फिट्झपॅट्रिक एफबीआयमध्ये होते आणि 2016 मध्ये थोरल्या भावाच्या जागेवर निवडून आले. ते 2024 मध्ये सुमारे 56 टक्के मतं घेऊन जिंकले, कीन जेमतेम 52. म्हणजे कीन यांची जागा जास्त डळमळीत आहे.

खरा फरक 2025 च्या त्या मोठ्या करविधेयकावर दिसतो. कीन आणि न्यूयॉर्क-कॅलिफोर्नियातले काही रिपब्लिकन अडून बसले होते: राज्याच्या आणि स्थानिक करांच्या वजावटीवर 2017 च्या कायद्याने आलेली 10,000 डॉलरची मर्यादा वाढवा, नाहीतर मत नाही. मर्यादा 40,000 झाली आणि कीन यांनी मत दिलं. याचा अर्थ घरातल्या हिशोबात पाहू. समजा, नवराबायकोचं उत्पन्न 2,80,000 डॉलर, घरपट्टी 15,000, राज्याचा आयकर 14,000 आणि गृहकर्जाचं व्याज 18,000. जुन्या मर्यादेत वजावट 28,000 भरायची, म्हणून 31,500 ची सरसकट वजावटच परवडायची. आता 47,000 दाखवता येतात. चोवीस टक्क्यांच्या टप्प्यात वर्षाला 3,720 डॉलर वाचले. ही किरकोळ रक्कम नाही आणि याचं श्रेय कीन यांना द्यायलाच हवं. मात्र 2030 मध्ये मर्यादा पुन्हा 10,000 वर येणार आहे.

त्याच कायद्याने मेडिकेडला, म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याला, कात्री लावली. काँग्रेसच्या अर्थसंकल्प कार्यालयाच्या अंदाजाने 2034 पर्यंत सुमारे एक कोटी लोक विम्याबाहेर जातील. मेडिकेडसाठी महिन्याला 80 तास कामाची अट बहुतेक राज्यांत 1 जानेवारी 2027 पर्यंत लागू व्हायची आहे. करातली सूट निवडणुकीआधी हातात आणि ही अट बहुतेक ठिकाणी निवडणूक झाल्यावर: हा क्रम मला अत्यंत आक्षेपार्ह वाटतो, आणि त्याला होकार देणाऱ्या प्रत्येकाला त्याबद्दल विचारलं पाहिजे.

फिट्झपॅट्रिक यांनी जुलैत अंतिम विधेयकाविरुद्ध मत दिलं. सगळ्या रिपब्लिकनांमध्ये असे दोघेच. धाडस खरंच, पण मे महिन्यातलं मतदानही आठवा. तेव्हा विधेयक 215 विरुद्ध 214 असं एका मताने पुढे गेलं आणि फिट्झपॅट्रिक होकारात होते. जुलैत ते 218 विरुद्ध 214 ने मंजूर झालं, म्हणजे त्यांच्या नकाराने काही अडलं नाही. सिनेटने मेडिकेडची तरतूद आणखी कडक केल्यामुळे आपण मत बदललं, असं त्यांचं म्हणणं. ते ग्राह्य धरलं तरी अडवायची संधी मेमध्ये होती.

डिसेंबरमध्ये मात्र त्यांचं वजन पडलं. स्वतः आरोग्यविमा विकत घेणाऱ्यांना मिळणारं वाढीव सरकारी अनुदान 2025 अखेर संपत होतं. ते वाढवण्याचा प्रस्ताव सभापतींना डावलून मतदानाला आणायचा तर 218 सह्या लागत होत्या. डेमोक्रॅट 214. उरलेल्या चार सह्या रिपब्लिकनांच्या, त्यांत एक फिट्झपॅट्रिक यांची. कीन यांची त्या चारांत नव्हती. ज्यांनी साठीच्या आत नोकरी सोडली किंवा स्वतःचा धंदा सुरू केला, त्यांना यातलं गांभीर्य सांगायला नको. 2026 मध्ये दोघांच्या घराचं उत्पन्न 84,600 डॉलरच्या वर गेलं की अनुदान शून्य.

मग ठरवायचं कसं? घरपट्टीने बेजार असाल आणि आरोग्यविमा नोकरीतून मिळत असेल, तर कीन यांनी तुमचं काम केलं आहे. स्वतः विमा विकत घेत असाल किंवा घरात कोणी मेडिकेडवर असेल, तर माझ्या मते ते कमी पडले. फिट्झपॅट्रिक यांच्या मतदाराने ‘स्वतंत्र बाण्याचे’ या बिरुदावर न जाता मे आणि डिसेंबर या दोन तारखा समोर ठेवाव्यात. माझा कौल थोडा त्यांच्याकडे झुकतो, तोही डिसेंबरमुळे. समोरच्या उमेदवारालाही हाच प्रश्न विचारा: एका मतावर अडलं असताना तुम्ही पक्षाचं ऐकाल की आमचं?

नव्याने नागरिकत्व घेतलेल्यांनी आधी मतदार नोंदणी उरका. न्यू जर्सीत ती मतदानाच्या 21 दिवस आधी बंद होते, पेनसिल्व्हेनियात 15 दिवस आधी.