‘दोन्ही वायरींत फेज आलाय’ म्हणत आईकडून साडेअठरा हजार नेले

माझी आई ७१ वर्षांची आहे. नाशिकला जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एकटी राहते, मी पुण्यात. ऑगस्टमध्ये तिचा फोन आला की हॉलमधला छताचा दिवा लुकलुकतो, टक्कन बंद पडतो आणि थोड्या वेळाने आपोआप लागतो. पॅसेजमधल्या बल्बचंही तेच. पंखा, टीव्ही, स्वयंपाकघर सगळं ठीक. बाबांच्या वेळेपासून आमच्याकडे येणाऱ्या वायरमन काकांचं नुकतंच डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, त्यांना कशाला त्रास द्यायचा म्हणून मी इंटरनेटवर शोधलं. एका मोठ्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर म्हणून सगळ्यात वर दिसलेला नंबर आईला दिला. तो नंबर मी दिला, हे मला अजून टोचतं.

दोघे जण आले. पाठीवर कंपनीचं नाव असलेले टी-शर्ट, हातात टॅब. स्टुलावर चढून एकाने दिव्याचं सिलिंग रोज (छतावरची वायरी जोडायची गोल डबी) उघडलं आणि टेस्टर लावला. एका वायरीला लावला, पेटला. दुसरीला लावला, तरी पेटला. एरवी तो फक्त फेजवर, म्हणजे करंट आणणाऱ्या वायरीवर पेटतो; करंट परत नेणाऱ्या न्यूट्रलवर नाही. मग आईला जवळ बोलावून दाखवलं, ‘आजी, बघा, न्यूट्रलमध्येसुद्धा फेज आलाय. आतून सगळी वायरिंग वितळली आहे. रात्री झोपेत आग लागेल. महावितरणला कळलं तर मीटर काढून नेतील.’ आईने स्वतःच्या डोळ्यांनी दोन्ही वायरींवर टेस्टर पेटलेला पाहिला होता. ती का विश्वास ठेवणार नाही? मी फोनवर होते, मीही ठेवला.

२६,००० सांगितले, ‘ज्येष्ठ नागरिक म्हणून’ १८,५०० वर आले. दहा हजार आधी ऑनलाइन, बाकीचे काम झाल्यावर रोख. अडीच तासांत ‘पूर्ण घराची वायरिंग’ झाली. बिल मागितलं तर व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो म्हणाले. ते कधीच आलं नाही.

हॉलचा दिवा मात्र खरंच नीट लागू लागला. म्हणूनच महिनाभर आम्हाला काही कळलं नाही.

गणपतीत मी घरी गेले. रात्री आईच्या खोलीतला दिवा बंद केला, तरी तो अगदी मंद, राखेखालच्या निखाऱ्यासारखा पेटलेलाच राहिला. आई म्हणाली, ‘नवीन वायरीत करंट जास्त असतो, असं ते म्हणाले होते.’ पुढे सहज सांगितलं की सणाची साफसफाई करताना त्याच दिव्याची पट्टी ओल्या फडक्याने पुसली, तेव्हा हाताला झिणझिण्या आल्या होत्या. बटण बंद करूनच पुसली होती. हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला. दुसऱ्या दिवशी सकाळी काकांना बोलावलं.

काकांनी दिव्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आधी त्या खोलीतल्या बोर्डावरच्या प्लगजवळ गेले. प्लगचं बटण बंद होतं. समोरून पाहताना उजव्या छिद्रात टेस्टर घातला, नाही पेटला. डाव्यात घातला, पेटला. आपल्याकडच्या तीन पिनी प्लगमध्ये वरचं मोठं छिद्र अर्थिंगचं, उजवं फेजचं, डावं न्यूट्रलचं. बटण बंद असताना डाव्या छिद्रात टेस्टर पेटतो, म्हणजे बोर्डाला येणाऱ्या दोन वायरींची अदलाबदल झाली आहे आणि बटण फेजऐवजी न्यूट्रल तोडतंय. दिवा बंद दिसतो, पण होल्डरपर्यंत फेज तसाच उभा असतो. एलईडीला इतका कमी करंट पुरतो की वायरींच्या आसपासच्या गळतीवरही तो मिणमिणतो. (बटणात लाल इंडिकेटर असेल तर त्यातून जाणाऱ्या किंचित करंटनेही एलईडी असा मिणमिणतो, त्यात फारसा धोका नाही. पण आईच्या बटणाला इंडिकेटर नव्हता.) आधीच्या जुन्या वायरिंगमध्ये हा दोष नव्हता. ज्यांनी आगीची भीती घातली, त्यांनीच माझ्या आईच्या डोक्यावर जिवंत होल्डर ठेवला.

मेन बंद करून काकांनी बोर्ड उघडला. आत चकचकीत नवी लाल वायर दिसत होती. त्यांनी ती हलकेच ओढली आणि पाईपमधून वीतभर बाहेर येऊन ती संपली. शेवटी काळ्या टेपचा गठ्ठा, आणि त्यापुढे तीच जुनी, धुळीने करडी पडलेली वायर. सगळ्या खोल्यांतल्या बोर्डांत हेच निघालं. फक्त उघडल्यावर दिसेल तेवढी वायर नवीन. तिच्यावर आयएसआयचं चिन्ह नव्हतं, आयएस ६९४ हा मानक क्रमांक नव्हता, जाडीही छापलेली नव्हती. मग मुळात बिघाड काय होता? हॉलच्या जंक्शन बॉक्समध्ये न्यूट्रलचा नुसता पिळलेला जोड सैल झाला होता. तो त्या लोकांनी गुपचूप घट्ट केला होता. पाच मिनिटांचं काम.

टेस्टरचं कोडं मला काकांनी उलगडून दाखवलं. दिव्याचं बटण चालू असताना मागे कुठेतरी न्यूट्रल सुटली, तर फेज दिव्यातून पलीकडे जाऊन सुटलेल्या टोकापर्यंत पोहोचतो. परतीची वाट नाही म्हणून दिवा लागत नाही, पण टेस्टर दोन्ही वायरींवर पेटतो. त्या न्यूट्रलवरच्या सगळ्या दिव्यांची बटणं बंद करा, न्यूट्रलवर टेस्टर पेटायचा थांबतो. तो माणूस हे जाणून होता. म्हणून तर त्याने बटण चालू ठेवून आईला जवळ बोलावलं.

तुमच्या घरी कोणी ‘वायरिंग जळली’ म्हणालं तर मेगरने (वायरीवरचं इन्सुलेशन मोजायच्या यंत्राने) तपासायला सांगा. ५०० व्होल्टवर, सगळे बल्ब आणि उपकरणं काढून. इन्सुलेशन किमान एक मेगाओहम दाखवत असेल तर वायर वितळली म्हणणारा खोटं बोलतोय. बल्ब तसेच ठेवून मेगर लावला तर आकडा पडणारच, तिथेही फसवता येतं. तारतंत्रीचा, म्हणजे वायरमनचा, परवाना मागा. तो विद्युत निरीक्षकांच्या यंत्रणेकडून मिळतो आणि खरा वायरमन दाखवायला कचरत नाही. वायरची कॉईल तुमच्यासमोर फोडायला लावा. साधारण ९० मीटरची असते, किती उरली ते कळतं. काम सुरू होण्याआधी पैसे देऊ नका आणि घरी एकट्या असलेल्या म्हाताऱ्या माणसाला निर्णय घ्यायला लावू नका, त्या वेळी शेजारच्या कोणाला तरी बोलवा.

काकांनी सगळे जोड काढून नीट कनेक्टर बसवले, उलट्या लागलेल्या वायरी जागच्या जागी केल्या आणि मेनला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच) लावली. एमसीबी (जास्त करंट गेला की पडणारा स्विच) वायर वाचवते, माणसाला वाचवायला आरसीसीबी लागते, असं ते आईला दोनदा म्हणाले. मजुरी घेतली ८०० रुपये, तीही मी आग्रह केल्यावर.

तो नंबर आता बंद आहे. मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली आहे, आणि ऑनलाइन दिलेल्या दहा हजारांसाठी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवरही. पैसे ज्या खात्यात गेले त्याचा तपशील, टी-शर्टातल्या दोघांचा सोसायटीच्या कॅमेऱ्यातला फोटो आणि टेप लावलेल्या त्या वीतभर वायरीचा फोटो जोडला आहे. वायरीचा तुकडा आईच्या कपाटात, बाबांच्या जुन्या टेस्टरशेजारी ठेवला आहे.